इटालियन बोलणे आणि इटालियन लिहिणे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कार्यवाहसाहेबांनी मला विषय सांगितला तेव्हा प्रथम हसू आले. कोकणातल्या शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून इटालियन भाषेतील लेखनावर बोलावयाचे! आपल्या मुलांचे मराठी शुद्धलेखन आणि इंग्रजी निबंध हे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत, तेथे ही आणखी एक भाषा कोठून आली? पण त्यांनी पुढे सांगितले की आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले इटलीत शिकावयास गेली आहेत, आणखी काहींच्या घरी तशी बोलणी चालू आहेत, आणि गेलेल्यांपैकी एका मुलाचे वर्ष वाया गेले आहे. गणित आणि शास्त्र त्याला उत्तम येत होते. जे येत होते ते कागदावर उतरवता आले नाही, म्हणून तो मागे पडला. हे ऐकल्यावर माझे हसणे थांबले. तीस वर्षांपूर्वी माझेही हेच झाले होते.

माझे वडील जहाजावर खलाशी होते. जेनोवा, नापोली, त्रिएस्ते ही नावे आमच्या घरात दापोली-चिपळूणसारखी घेतली जात. अब्बांना इटालियन बोलता येई. जेनोवाच्या बाजारात ते भाजीवाल्याशी घासाघीस करीत आणि दोन पैसे कमीच देऊन येत. परंतु बंदरावरच्या कचेरीत साधा अर्ज भरावयाचा झाला की सोबत्याला पुढे करीत. त्यांना वाटे, आपण चार बुके शिकलो नाही म्हणून असे होते. पोरगा पदवीधर आहे, त्याला ही अडचण यायची नाही. १९९३ साली मी पेरुजाच्या परदेशीयांसाठी असलेल्या विद्यापीठात भाषा शिकावयास निघालो तेव्हा त्यांनी आंब्याच्या बागेचा अर्धा तुकडा विकला.

सहा महिन्यांत मी झकास बोलू लागलो. मग दुसऱ्या एका विद्यापीठात नाव घातले आणि तेथला पहिलाच लेखी निबंध तांबड्या शाईने माखून परत आला. खाली प्राध्यापकांनी लिहिले होते की विचार कळतो, पण याला इटालियन म्हणता येत नाही. एका वाक्यात मी 'माझे पेन' असे लिहावयास गेलो होतो आणि लिहिले होते 'माझी शिक्षा'. पेनला 'पेन्ना' म्हणतात, शिक्षेला 'पेना'. एका 'न'चा फरक! त्या वर्षी मी दोन विषयांत राहिलो. बागेचा तुकडा आठवून रात्री झोप लागत नसे.

आता मुद्द्यावर येतो. इटलीतील विद्यापीठांची एक गोष्ट आपल्या पालकांना सहसा ठाऊक नसते. तेथील पुष्कळशा परीक्षा तोंडी असतात. प्राध्यापक समोर बसवून प्रश्न विचारतात आणि ३० पैकी गुण देतात. १८ मिळाले की पास, फारच उत्तम झाले तर ३० आणि वर शाबासकीचा 'लोदे'. बोलका विद्यार्थी या परीक्षा भराभर पार करतो आणि घरी फोन करून सांगतो की सर्व ठीक चालले आहे. मग शेवटी प्रबंध येतो. पदवीचा अंतिम गुण ११० पैकी असतो आणि प्रबंध त्याचा एक भाग असतो. ज्याने तीन वर्षांत एक सलग पान लिहिले नाही, त्याला एकदम पन्नास पाने लिहावयाची असतात. त्या वेळी त्याच्या हातून पेन गळून पडते. हे संकट शेवटच्या वर्षी आल्यासारखे दिसते, पण ते पहिल्या वर्षापासूनच वाढत आलेले असते.

कोणी म्हणेल, आमचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला जाणार आहे, त्याला याची काय गरज? मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये पदव्युत्तर शिक्षण बरेचसे इंग्रजीतून आहे आणि वैद्यकीयचेही इंग्रजी अभ्यासक्रम इटलीत आहेत, हे खरे. पण वैद्यकीयचा विद्यार्थी रुग्णालयात पाऊल टाकतो तेव्हा खाटेवरची म्हातारी त्याच्याशी इंग्रजी बोलत नाही, आणि तिच्या तक्रारीची नोंदही इंग्रजीत ठेवीत नाहीत. ज्याला इटालियन माध्यमाचा अभ्यासक्रम घ्यावयाचा आहे त्याला तर साधारणपणे बी-२ या पातळीचे इटालियन दाखवावे लागते. पेरुजाची 'चेली', सिएनाची 'चिल्स' आणि दान्ते अलिगिएरी सोसायटीची 'प्लिदा' या त्यासाठीच्या परीक्षा, आणि तिन्हींत लेखन असते. तेव्हा जमीन विकण्यापूर्वी, किंवा मुलीच्या आईचे दागिने मोडण्यापूर्वी, एवढे पाहा की मुलाने त्या भाषेत एक पान लिहून कोणा जाणत्याला दाखविले आहे काय.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला मात्र धीर देतो. ही भाषा लिहिणे खुद्द इटालियनांनाही जड गेले आहे. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले तेव्हा घराघरांत निरनिराळ्या बोली होत्या. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे त्या वेळी प्रमाण इटालियन वापरू शकणारे लोक शेकडा अडीच होते. दुसऱ्या एका विद्वानाने तो आकडा शेकडा दहाच्या आसपास नेला. म्हणजे नव्वदांहून अधिक लोकांना आपल्याच देशाची भाषा पुस्तकातून शिकावयाची होती. घरी कोकणी किंवा उर्दू बोलून शाळेत प्रमाण मराठी लिहिणाऱ्या तुमच्यासारख्यांना ही स्थिती मी वेगळी समजावून सांगावयास नको.

त्यांचा सर्वांत मोठा कादंबरीकार आलेस्सान्द्रो मान्झोनी याचीही हीच कथा. तो मिलानचा. घरची बोली मिलानी, शिष्टांशी बोलावयाची भाषा फ्रेंच. त्याची कादंबरी १८२७ साली पूर्ण छापून झाली आणि नावाजली गेली, तरी तिची भाषा त्यालाच पटेना. त्याच साली तो फ्लॉरेन्सला गेला, तेथील सुशिक्षित लोक कसे बोलतात ते कान देऊन ऐकले आणि पुढे वर्षानुवर्षे तीच कादंबरी ओळीओळीने दुरुस्त करीत राहिला. एमिलिया लुती नावाच्या, मुले सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्सच्या बाईंना तो शब्द विचारी. सुधारलेली आवृत्ती निघाली १८४० ते १८४२ या काळात. फ्लॉरेन्समधून आर्नो नदी वाहते, म्हणून या खटाटोपाला तेथे 'आर्नोत कपडे धुऊन घेणे' म्हणतात. एवढा मोठा लेखक मुलांच्या बाईंना शब्द विचारतो, आणि आपण शेजारच्या इटालियन विद्यार्थ्याला विचारावयास लाजतो!

आजचीही तक्रार तीच आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत इटलीतील सहाशे प्राध्यापकांनी सरकारला जाहीर पत्र लिहिले की विद्यापीठात येणाऱ्या आमच्या मुलांना धड इटालियन लिहिता येत नाही. तेव्हा तांबडी शाई केवळ परदेशी मुलांच्या वाट्याला येते असे समजू नका.

आता प्रत्यक्ष भाषेकडे वळू. इटालियन बहुतेक उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून आरंभी ती सोपी वाटते. फसवणूक होते ती जोडाक्षरांत. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला हा फरक ऐकूच येत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांनी उर्दू-अरबी लिपी गिरवली आहे त्यांना तश्दीद ठाऊक आहे. अक्षरावर तश्दीद आली की ते दाबून म्हणावयाचे. इटालियनमध्ये तेच अक्षर दोनदा लिहावयाचे. मी हा मेळ उशिरा लक्षात आणला. आधी आला असता तर पेनाची शिक्षा झाली नसती.

दुसरे, 'एच' हे अक्षर. त्याला आवाज नाही, पण काम आहे. 'आन्नो' म्हणजे वर्ष. त्यालाच आरंभी 'एच' लावले की अर्थ होतो 'त्यांच्याजवळ आहे'. 'ए' या अक्षरावर तिरकी रेघ दिली तर 'आहे', न दिली तर 'आणि'. हातघाईने लिहिताना रेघ राहते आणि सगळे वाक्य लुळे पडते. परीक्षक याला किरकोळ चूक मानीत नाहीत. आपण 'मी जाते' असे एखाद्या मुलाने लिहिलेले पाहून जे मनात आणतो तेच त्यांच्या मनात येते.

क्रियापदांतील सर्वांत भीतीदायक प्रकार म्हणजे 'कोंजुंतीव्हो'. माझ्या वर्गातील जपानी आणि इंग्रज मुले त्याने रडकुंडीला येत. मराठी माणसाने मात्र घाबरू नये. 'तो आला आहे' आणि 'तो आला असावा' यांत जो फरक आहे, त्याच जातीचा हा फरक. 'मला वाटते की' असे म्हटले की इटालियन भाषा पुढे 'आहे' सहसा लिहू देत नाही, ती 'असावा' मागते. 'जरी' या अर्थाच्या काही शब्दांनंतरही तेच. बोलताना तेथील लोक यात सवलत घेतात. विद्यापीठीय लेखनात ती सवलत नाही, आणि कानाने शिकलेला विद्यार्थी नेमका येथे पकडला जातो.

मराठीचा आणखी एक फायदा आहे. 'जातो' म्हटले की 'मी' वेगळा लिहावा लागत नाही, क्रियापदच सांगते. इटालियनमध्येही तसेच. इंग्रजीच्या सवयीने जो प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर 'मी', 'तो', 'ते' ठेवतो त्याचे लेखन परके वाटते. प्रबंधात तर 'मी' जवळजवळ नसतोच. 'असे दिसते', 'असे मानले जाते' अशी रचना करतात, किंवा 'आम्ही' लिहितात.

शब्दांत इंग्रजी फार दगा देते. 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचे दुकान. ग्रंथालयाला 'बिब्लिओतेका' म्हणतात. 'पारेन्ती' म्हणजे नातेवाईक, आईबाप नव्हेत. 'आत्तुआल्मेन्ते' म्हणजे सध्या. 'एव्हेन्तुआल्मेन्ते' म्हणजे कदाचित, गरज पडल्यास, 'अखेरीस' नव्हे. प्रबंधात हा एक शब्द चुकला तर ठाम निष्कर्ष एकदम डळमळीत होतो. आणि एक शब्द आपल्या संस्थेच्या कामाचा आहे. 'एदुकात्सिओने' हा शब्द इंग्रजीसारखा दिसतो म्हणून आपण शिक्षण या अर्थी लिहितो. पण तेथे ज्याला 'एदुकातो' म्हणतात तो शिकलेला नव्हे, तर चांगल्या वळणाचा. शाळेतल्या शिक्षणाला 'इस्त्रुत्सिओने' हा शब्द आहे. तालीम आणि तर्बियत हा भेद ज्या घरात रोज बोलला जातो, त्या घरच्या मुलाला हे एकदा सांगितले की पुरे.

सगळे शब्द परके आहेत असेही नाही. साखरेला 'त्सुक्केरो', कापसाला 'कोतोने', वखारीला 'मागात्सिनो', जकातीच्या नाक्याला 'दोगाना' हे सर्व अरबीतून गेलेले आहेत. 'दोगाना'चे मूळ 'दीवान'. अब्बा हयातभर त्या दोगानातून ये-जा करीत होते आणि दीवान हा शब्दही रोज वापरीत होते; दोहोंचे नाते मी त्यांना सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ मान हलवीत बसले.

वाक्ये जोडणाऱ्या शब्दांवर थोडे थांबतो, कारण विद्यापीठीय लेखनाचा कणा तेथे आहे. 'इन्फात्ती' हा शब्द घ्या. इंग्रजीच्या वळणाने आपण त्याचा अर्थ 'वस्तुतः' करतो. 'तो येणार नाही म्हणाला. वस्तुतः तो आला' अशा ठिकाणी 'इन्फात्ती' घातले की वाचणारा चक्रावतो. 'तो येईन म्हणाला, आणि आलाही' येथे 'इन्फात्ती' बसते. आधीच्या विधानाला पुरावा जोडणारा तो शब्द आहे, ते उलटविणारा नव्हे. 'तुत्ताव्हिया' म्हणजे तथापि, 'पेर्तान्तो' म्हणजे म्हणून, 'आन्त्सी' म्हणजे उलट, इतकेच नव्हे तर. असे वीस-पंचवीस शब्द आहेत. त्यांची यादी पाठ करून उपयोग नाही. वर्तमानपत्राचा एक चांगला लेख घ्या आणि त्यात प्रत्येक असा शब्द आधीच्या वाक्याचे काय करतो ते समासात मराठीत लिहा. मी दोन महिने हे केले.

शास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक ताकीद. इटलीत दशांश स्वल्पविरामाने दाखवितात आणि हजार पूर्णविरामाने. अडीच लिहावयाचे तर दोन, स्वल्पविराम, पाच. दोन, पूर्णविराम आणि तीन शून्ये म्हणजे दोन हजार. प्रयोगवहीत आपली सवय चालविली तर उत्तर बरोबर असून चूक ठरेल.

प्राध्यापकांना पत्र लिहिण्याची रीतही शिकून जा. 'चाओ' हा दोस्तांचा शब्द. गुरुजनांना 'लेई' म्हणतात, शब्दशः 'ती', आणि क्रियापद तृतीयपुरुषी. आपल्या घरी उर्दूत 'हुजूर तशरीफ लाएँ' म्हणताना समोरच्या माणसाला आपण असेच बाजूला उंच आसनावर बसवितो. पत्राचा आरंभ 'जेन्तीले' म्हणून, शेवट 'कोर्दियाली सालूती' म्हणून. दोन ओळींचे पत्र नीट असले की पुढचे दार उघडते, हा माझा अनुभव आहे.

हे सारे चुका टाळण्याचे झाले. पण लिहावयाचे कसे? याचे उत्तर मला एका डोंगरावरच्या शाळेत मिळाले. फ्लॉरेन्सजवळ मुजेल्लो भागात बार्बियाना नावाची वाडी आहे. १९५४ साली लोरेन्झो मिलानी नावाचा पाद्री तेथे आला आणि शेतकरी-गुराख्यांच्या मुलांसाठी त्याने शाळा काढली. सरकारी शाळांनी ही मुले नापास करून घरी बसविलेली. १९६७ साली त्यांतील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. त्यावर लेखक म्हणून शाळेचे नाव आहे. गरिबांच्या मुलांना शाळा कशा गाळतात याचा तो हिशेब आहे, आकड्यांसकट. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानी वारला. पुस्तकाने मात्र सारी इटली हलविली.

ही मुले कशी लिहीत? खिशात वही. जे सुचेल ते टिपावयाचे, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, कागदाची एकच बाजू. मग एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरावयाच्या. सारख्या असतील त्या काढून टाकावयाच्या, एका जातीच्या एकत्र ठेवावयाच्या. ढीग म्हणजे प्रकरण, लहान ढीग म्हणजे परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला नाव द्यावयाचे, आणि नाव देता आले नाही तर त्यात काही तरी गफलत आहे असे समजावयाचे. नंतर कात्री आणि डिंक घेऊन बसावयाचे, आणि कोणता शब्द काढता येईल यासाठी मुलांची आपसांत चढाओढ. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचून दाखवावयाचे, आणि आपल्याला म्हणावयाचे होते तेच त्यांना कळले की नाही ते तपासावयाचे. यास पैसा लागत नाही. मी माझा पुढचा निबंध असाच केला, जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या पसरून. घरमालकीण रागावली, पण तिलाच तो वाचून दाखविला आणि जेथे तिच्या कपाळाला आठी पडली ते वाक्य मोडले.

दुसरे पुस्तक उंबेर्तो इको यांचे, प्रबंध कसा करावा यावर, १९७७ सालचे. १९६९ पासून इटलीत विद्यापीठांची दारे सर्व प्रकारच्या माध्यमिक शाळांच्या मुलांना खुली झाली होती. घरात पुस्तके नसलेली मुले विद्यापीठात येऊ लागली होती. इको त्यांच्याशी बोलतात. आपल्या हाती येतील अशीच साधने असलेला विषय निवडा, अनुक्रमणिका आधी लिहा, कार्डे ठेवा. लांब वाक्य झाले तर होऊ द्या, पण नंतर तोडा. शब्दाची व्याख्या करता येत नसेल तर तो वापरू नका. हे पुस्तक इतर भाषांत गेले आहे, इंग्रजीतही मिळते. आपल्या वाचनालयाने ते घ्यावे अशी माझी कार्यवाहसाहेबांना विनंती आहे.

शब्दसंपत्तीची फार धास्ती घेऊ नका. दे माउरो यांनी १९८० साली इटालियनच्या पायाभूत शब्दांची यादी केली, ती सुमारे सात हजारांची. त्यांतील अगदी मूलभूत दोन हजार शब्दांनी कोणत्याही मजकुराचा बहुतांश भाग व्यापला जातो. आधी ते पक्के करा. सरकारी कागदांतले बोजड शब्द उचलून विद्वत्ता दाखवू नका. इतालो काल्व्हिनो यांनी १९६५ सालीच त्या कचेरीच्या भाषेची टर उडविली होती. आपल्याकडचे 'सदरहू इसम' तेथेही आहेत.

आज यंत्राला सांगितले की ते क्षणात इटालियन पान लिहून देते, असे मुले मला सांगतात. देते, आणि शुद्धही देते. पण प्रबंध तेथे समितीपुढे उभे राहून समजावून सांगावा लागतो. स्वतः न लिहिलेल्या पानावर प्रश्न आला की काय होते ते मी पाहिले आहे. ते वर्णन या समारंभात नको. यंत्राला चुका दाखवावयास सांगा, चुका आपल्याच असू द्या.

ज्या मुलाचे वर्ष गेले म्हणून आरंभी सांगितले, त्याच्या वालिदांनी माझा पत्ता घेतला. गेले चार महिने तो दर जुम्म्याला मला हाताने लिहिलेल्या एका पानाचे छायाचित्र पाठवितो आणि मी रविवारी ते तपासून परत करतो. पहिल्या पानावर सत्तेचाळीस ठिकाणी तांबडी खूण होती. परवाच्या पानावर अकरा होत्या, पण 'इन्फात्ती' अजून दोनदा चुकीच्या जागी होते. तेवढी दोन वाक्ये त्याला पुन्हा लिहून पाठवावयास सांगितले आहे.